बाहुलीचा संसार

पोळा सरला की दुसऱ्या दिवशी आमच्या सावरगावात बाहेरगावच्या लोकांची रीघ लागते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवलेले असते, त्यावर झेंडा फडकत असतो, आणि त्या झेंड्यासाठी एका काठाने सावरगाव व दुसऱ्या काठाने पांढुर्णा एकमेकांवर दगडांचा वर्षाव करीत असतात. या गोटमारीचे वर्णन वर्तमानपत्रांतून दरसाल येते. तीत माणसे जायबंदी होतात, कित्येकांचे प्राणही गेले आहेत, एवढे म्हणून आम्ही तो विषय येथेच सोडतो. कारण त्याच सुमारास, नदीपासून दूर, घरोघरच्या ओसरीवर दुसराच एक सोहळा चाललेला असतो आणि आम्हांस लिहावयाचे आहे ते त्याच्या निमित्ताने.

तो सोहळा तान्ह्या पोळ्याचा. सगळ्या विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या आमच्या सौंसर-पांढुर्णा भागात (२०२३ सालापासून आमचा हा स्वतंत्र जिल्हाच झाला आहे) लहान मुले चाकांवर उभा केलेला लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. घरधनीण त्याला ओवाळते आणि मुलांच्या हातावर बोजारा ठेवते. बैल वीतभर असो की हातभर, थाट मात्र खऱ्या बैलाचा: पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळ, नाकात वेसण, कपाळाला बाशिंग. झूल बहुधा आईच्या जुन्या खणाची किंवा आजोबांच्या फेट्याच्या तुकड्याची असते. मुले मोठी झाली की बैल माळ्यावर जातो आणि पुढच्या पिढीसाठी पुन्हा खाली येतो. रंग नवा, झूल नवी, पण लाकूड तेच. एकच बैल आजोबा, बाप व नातू या तिघांनी मिरविला, अशी घरे आमच्याकडे आहेत. त्या घरांनी 'संग्रहालय' अशी पाटी लाविली नाही, तरी जुन्या वस्तूचा सांभाळ म्हणतात तो याहून फारसा निराळा नसतो.

मुलांच्या बैलाचे हे असे झाले. मुलींच्या बाहुलीच्या नशिबी मात्र हा सांभाळ आला नाही. बैलाला वर्षाचा एक दिवस ठरलेला आहे, म्हणून तो दरसाल माळ्यावरून खाली येतो. बाहुलीला असा दिवस नाही. शिवाय बाहुलीची मालकीण लग्न होऊन परगावी जाते. मागे राहिलेल्या चिंध्यांना कसर लागते, आणि पितळेची इवली भांडी एखाद्या दिवशी मोडीत जातात.

आपल्या मराठी मुलखात बाहुली एकटी कधी नसे. तिला संसार लागे. पूर्वी सुतार लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून बाहुली घडवीत आणि तिचे लुगडे, चोळी, दागिने सारे रंगाने काढीत; तिला ठकी म्हणत. चिंध्यांची बाहुली घरची आजीच करून देई. पण बाहुली हाती आली की लगेच तिच्यासाठी चूल हवी, जाते हवे, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, विळी, सूप, परात, पाट आणि पाळणा हवा. आमच्या बाजूला त्यात गंज, गुंड आणि गडवा हवेच. ऐपतीच्या घरी तांबटाकडून पितळेची भांडी घडवून घेत, गरिबाघरी कुंभार चार मडकी मातीची करून देई. सावंतवाडीच्या चितारआळीत हाच संसार लाकडाचा, रंगीत आणि चकचकीत मिळे व आजही मिळतो. या साऱ्या पसाऱ्याला भातुकली म्हणतात. मग बाहुला-बाहुलीचे लग्न ठरे, दोन घरच्या मुली व्याही होत, रुसवेफुगवे होत, चुरमुरे आणि गुळाची पंगत उठे. विदर्भात भाद्रपद-आश्विनात मुली मातीच्या भुलाबाई-भुलोबाची जोडी मांडून गाणी म्हणतात, ती रीत अगदीच निराळी असली तरी घर मांडण्याची हौस तीच.

हा खेळ कोणी तरी गांभीर्याने घ्यावा, असे ज्यांना वाटले त्यांत पुण्याचे श्री. विलास करंदीकर यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. जुन्या घरांतून टाकून दिलेली भातुकली त्यांनी वर्षानुवर्षे जमविली आणि तिची प्रदर्शने भरविली. अशा प्रदर्शनात, बोटभर उंचीचा पाणी तापविण्याचा बंब आणि त्याशेजारी तेवढेच घंगाळ पाहून, लहान मुले हसतात आणि म्हाताऱ्या बाया गप्प होतात. त्या भांड्यांपैकी पुष्कळांची नावेदेखील आता नातवंडांना ठाऊक नाहीत.

पुण्यातच बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहान वयातच वारला. त्याच्या स्मरणार्थ या गृहस्थाने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी, वस्त्रे, खेळणी अशा रोजच्या वापरातील वस्तू गोळा केल्या आणि पत्नी कमलाबाईंनी या खटाटोपात त्यांना साथ दिली. १९६२ साली त्यांनी तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला; आज त्यात सुमारे २०,००० वस्तू आहेत. राजेरजवाड्यांच्या तरवारी जमविणारे पुष्कळ असतात. स्वयंपाकघरातील अडकित्त्याला तरवारीच्या मांडीला मांडी लावून बसविणारा हा मनुष्य आम्हांस अधिक मोठा वाटतो. ज्या घरातून मूल गेले त्या घराने इतरांच्या घरांतले सामान जपावे, याविषयी आम्ही अधिक काही लिहीत नाही.

कोकणात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजाची मंडळी लाकडी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात. राजाचा अंगरखा, राणीची साडी, राक्षसाचा मुकुट, सारे कापडाने व रंगाने सजविलेले असते. तेथील श्री. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय करून जुन्या बाहुल्या व चित्रे तेथे ठेवली. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पद्मश्रीपेक्षाही गोठ्याची गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. बाहुल्या ठेवावयास महाल लागत नाही.

परदेशात या हौसेने कोठवर मजल मारली ते पाहिले म्हणजे थक्क व्हावे लागते. हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅम शहरी एका रेशमाच्या व्यापाऱ्याची पत्नी पेट्रोनेला ऊर्टमन हिने १६८६ ते १७१० या काळात कपाटाएवढे एक बाहुलीघर सजविले. त्यात स्वयंपाकघर आहे, बाळंतिणीची खोली आहे, माळ्यावर कपडे वाळत घालण्याची जागादेखील आहे. इवलीशी चिनीमातीची भांडी तिने थेट पूर्वेकडून मागविली. या घरावर तिचा जो खर्च झाला त्यात त्या शहरात खरे घर घेता आले असते! लोकांनी तेव्हा तिला वेडी म्हटले असेल तर नवल नाही. परंतु तीनशे वर्षांपूर्वीची डच गृहिणी पायपुसणे कोठे ठेवी आणि चादरी कशा वाळवी, हे जाणण्यासाठी आज विद्वान त्याच कपाटापाशी येतात. त्या घरातील बाहुल्या बहुतेक सगळ्या हरवल्या, सामान मात्र राहिले.

जपानात ३ मार्चला मुलींचा सण असतो. लाल कापड घातलेल्या पायऱ्यांवर राजाराणी, त्यांच्या दासी, वादक अशा बाहुल्या मांडतात. त्यांचा पोशाख आजचा नसून हजार वर्षांपूर्वीच्या दरबाराचा असतो, आणि खालच्या पायऱ्यांवर त्यांच्या पेट्या, आरसे, पालख्या असतात. सण झाला की सारे पेटीत. मुलगी सासरी जाताना पुष्कळदा ती पेटी तिच्याबरोबर जाते. आमच्या मनात असे येते की, आपल्याकडे भातुकलीला असा एक दिवस ठरला असता तर तिचे इतके हाल झाले नसते. तंजावरला राहिलेल्या मराठी घरांत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडण्याची तिकडची रीत पाळतात, आणि म्हणूनच पणजीच्या वेळच्या बाहुल्या तेथे टिकल्या आहेत.

आपल्या ख्रिस्ती घरांत मात्र असा दिवस आहे. घरात कोठे बाहुल्यांची पेटी असलीच तर ती नाताळच्या गव्हाणीची. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेचो येथे गव्हाणी मांडली ती खऱ्या बैलाची व गाढवाची. बाहुल्या पुढे आल्या. अठराव्या शतकात इटलीतील नेपल्स येथे तर त्यांची कलाच झाली. तारेचा सांगाडा, त्यावर काथ्या गुंडाळून केलेले शरीर, भाजलेल्या मातीचे शिर, काचेचे डोळे, आणि वर खऱ्या कापडाचे कपडे. राजवाड्यातील स्त्रिया स्वतः ते शिवीत असे सांगतात. गंमत अशी की या मेंढपाळांचे, फळवाल्यांचे, खानावळवाल्यांचे कपडे बेथलेहेमचे नव्हेत, तर त्या काळच्या नेपल्सच्या बाजारातले आहेत. चीज, कोबी, मासळी, खुर्च्या, तंबोऱ्यासारखी वाद्ये, सारे त्याच बाजारचे. मिकेले कुचिनिएल्लो नामक गृहस्थाने असा आपला मोठा संग्रह १८७९ साली तेथील सान मार्तिनो संग्रहालयास दिला. भक्तीच्या पोटी केलेल्या त्या बाहुल्यांत एका गावाचा पोशाख व बाजार शाबूत राहिला आहे. मग आमच्या सावरगावच्या गव्हाणीतील मेंढपाळाने खांद्यावर घोंगडी का घेऊ नये, आणि भेटीला येणाऱ्या बाईने डोक्यावर पितळेचा गुंड का घेऊ नये? बाजारातील तयार मूर्तींचे गुलाबी गाल व निळे झगे यांवर आमचा राग नाही. फक्त त्यांच्यात आमच्या गावचे कोणी नाही, एवढेच.

आता पोशाखाविषयी. अलीकडे दुकानांतून 'ऐतिहासिक' बाहुल्या मिळतात. जिजाबाई, झाशीची राणी, पेशवाईतील स्त्री अशी नावे त्यांच्या खोक्यांवर असतात. नऊवारी म्हणून घातलेले असते ते घागऱ्यासारखे शिवलेले, मागे कासोट्याचा पत्ता नाही, आणि चोळीला पाठीवर चाप! एका ठिकाणी तर आम्ही शिवकालीन वाड्याच्या देखाव्यात कपबशी मांडलेली पाहिली. चहा आपल्या घरोघर आला तो इंग्रजी अमदानीच्या उत्तरार्धात. अशा बाहुलीला किंमत कितीही पडो, ती जवळ ठेवून मुलाला काहीच कळत नाही. उलट चुकीचे कळते. दिल्लीस व्यंगचित्रकार शंकर पिल्ले यांनी १९६५ साली बाहुल्यांचे जे संग्रहालय उघडले, त्याची प्रेरणा त्यांना भेट मिळालेल्या एका हंगेरियन बाहुलीतून झाली. पण त्यांनी नुसत्या परदेशी बाहुल्या जमविल्या नाहीत. तेथेच कार्यशाळा काढून भारतातील प्रांतोप्रांतीच्या नेसण्याच्या तऱ्हा बाहुल्यांवर नीट पाहून उतरविल्या.

हे काम घरी करता येते. मात्र त्यात गणित आहे. पाच फूट उंचीच्या बाईची बाहुली एक फुटाची करावयाची तर सारे काही पाचव्या हिश्श्याने लहान करावे. नऊ वारांचे लुगडे २७ फूट लांब असते, म्हणजे बाहुलीचे साधारण ६५ इंच. पन्हा ४५ इंच असेल तर तो ९ इंच. सहा फुटी खाट साडेचौदा इंचांची, पंधरा इंची जाते तीन इंचांचे, आणि सहा इंची गडवा सव्वा इंचाचा. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ मध्ये जे प्रसिद्ध बाहुलीघर बांधले, त्यात फुटाला एक इंच असे प्रमाण धरले होते आणि पुष्कळ संग्राहक तेच धरतात. परंतु मोठ्या डोळ्यांच्या सुईने शिवणाऱ्या हातांना पाचवा हिस्साच बरा. एकदा धरलेले प्रमाण मात्र सोडू नये. जात्याएवढाच तवा आणि खाटेएवढाच पाळणा मांडला की घर मोडते.

खरी अडचण लुगड्याची. कापडाची लांबीरुंदी कमी करता येते, जाडी करता येत नाही. नवे सुती कापड बाहुलीला नेसविले तर निऱ्यांचा गठ्ठा होतो आणि ती बिचारी फुगलेली दिसते. यावर उपाय म्हणजे वापरून वापरून विरत आलेले मलमल किंवा धोतर. काठासाठी खऱ्या लुगड्याचा काठ लावू नये, तो बाहुलीच्या गुडघ्यापर्यंत येतो. सुईने दोनतीन रंगीत दोरे ओढले की काठ होतो; नागपूर, उमरेड, पवनीच्या कोष्ट्यांनी विणलेल्या लुगड्यांचे काठ समोर ठेवून ते ओढावेत. निऱ्यांना अगदी पातळ खळ द्यावी, दोऱ्याने बांधून सावलीत वाळवाव्या. खळ जास्त झाली की झुरळे येतात. चोळी खणाची आणि पुढे गाठ मारावयाची. ती कशी बेतावी हे शिवणकामाच्या वर्गांत शिकवीत नाहीत, ते म्हाताऱ्या बायांनाच येते. दागिन्यांना मोहरीएवढे मणी व पितळेची बारीक तार पुरते. डोरले, एकदाणी, गोठ, नथ, एवढे घातले की बाहुली आपल्या भागातली दिसू लागते.

आमच्याच आळीत एक आजी होत्या. ऐंशी कधीच ओलांडलेल्या. मुलाने मातीच्या भिंतींचे जुने घर पाडून स्लॅबचे बांधावयास घेतले, तेव्हा धान्याच्या कोठीमागून एक पत्र्याची पेटी निघाली. तीत बाहुला-बाहुली, सागाची हातभर खाट, दगडाचे जाते आणि पितळेची सतरा-अठरा भांडी होती. भांडी मोडीत गेली. घर बांधताना पैसा कसा लागतो हे ज्याने बांधले त्यालाच ठाऊक, म्हणून मुलाला आम्ही दोष देत नाही. वजनकाट्यावर तो सारा संसार दोन किलोही भरला नाही. आजींनी भांड्यांविषयी चकार शब्द काढला नाही. त्यांनी फक्त बाहुली मागून घेतली, कारण तिची चोळी त्यांच्या आईने स्वतःच्या लग्नातील खणाच्या उरल्या तुकड्यातून शिवलेली होती. चोळी शाबूत होती, लुगडे मात्र विरून गेले होते.

आम्ही त्यांना मलमलीचा तुकडा नेऊन दिला. नात शेजारी बसली होती. तिने आजवर नऊवारी पाहिली होती ती नाचाच्या कार्यक्रमात, शिवलेली. आजींचे हात थरथरत होते. त्यांनी गाठ मारली, निऱ्या घातल्या, कासोटा मागे खोचला, पदर डोक्यावरून घेतला, आणि मग सारे सोडून पुन्हा नेसविले, कारण पदर उजव्या खांद्यावर हवा की डाव्या याबद्दल त्यांच्या आईची रीत आणि सासूची रीत वेगळी होती. "आईचीच ठेवू," असे त्या म्हणाल्या. नातीने एकदा विचारले, "आजी, शाळेत शिकवतात तशी पायरीपायरीने सांग ना." आजी म्हणाल्या, "सांगता येत नाही बाई. हाताला येते." त्या हिवाळ्यातच आजी गेल्या. नातीला कासोट्यापर्यंत जमते, पुढे अडते. म्हणून ती बाहुली आजींनी नेसविली तशीच ठेवलेली आहे.

ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांच्यासाठी थोडे सांगावयाचे उरले आहे. प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवावी: कोणी केली, कोणासाठी, कोणत्या साली, त्या वस्तूला घरात काय म्हणत. चिठ्ठी शाईने लिहू नये, ओल लागली की शाई पसरते, पेन्सिलीने लिहावी. पितळेची भांडी चिंचेने वरचेवर घासू नयेत, प्रत्येक घासणीला नक्षी थोडी झिजते. लाकडी सामान मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, वाळवी भिंतीतून येते. कापड कडक उन्हात घातले तर रंग उडतो, आणि पेटी वर्षभर उघडलीच नाही तर कसर लागते. तेव्हा पावसाळा संपल्यावर एकदा सावलीत वारा द्यावा, कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवावा, डांबराच्या गोळ्या ठेवल्यास त्या कापडाला लागू देऊ नयेत. एकाच घडीवर कापड चिरते, म्हणून सुटी लुगडी व झुली दरसाल निराळ्या घडीने ठेवाव्यात. पण जी बाहुली कोणी आपल्या हाताने नेसवून ठेवली आहे, तिचे लुगडे धुण्यासाठीसुद्धा सोडू नये. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी आणि ती तशीच पेटीत ठेवावी.